ठाणेदाराचे डोळे

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरात खुर्ची हलवायची सोय नव्हती. बैठकीत चार खुर्च्या, एक दिवाण, एक टीपॉय आणि भिंतीशी लोखंडी स्टँडवर माशांची काचेची टाकी. या सगळ्यांच्या पायांभोवती फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटच्या चौकटी काढलेल्या होत्या. पाय चौकटीतच पाहिजेत. मी खोली पाहायला गेले त्या दिवशी सवयीने खुर्ची जराशी पुढे ओढून बसले. बाई आतून चहा घेऊन आल्या, खुर्चीला त्यांचा गुडघा लागला आणि निम्मा चहा बशीत सांडला. कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "खुर्ची आपल्या जागेवर नाई. उठ आधी."

मी मनात म्हटलं, घ्या, आता हिच्याकडे राहायचं! पण मी किन्हीराजाहून आलेली, वाशीमच्या कोर्टात नवी कारकून. एकटी मुलगी खोली मागते म्हटलं की लोक सतरा प्रश्न विचारत. बाईंनी एकच विचारला.

"मोठ्यानं वाचता येते का?"

रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी खाली यायचं आणि पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, हा त्या घराचा नियम होता. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. त्या दिवाणावर भिंतीला टेकून बसत, डोळे मिटून ऐकत आणि मध्येच माझा उच्चार पकडत. "पोटफोड्या ष हाय तो. त्याचं पोट कायले बुजवतं?" मी चिडायचे. वाटायचं, शिकवायची खोड काही गेली नाही हिची. पुष्कळ दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की बाईंना पेपर दिसतच नव्हता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उन्हात उभ्या राहिल्या की बुबुळात पातळ ताकासारखा पांढुरका रंग दिसायचा. मोहल्ल्यात एकदा डोळे तपासणी होती, तिथे मी त्यांना 'नुसतं बसायला' म्हणून नेलं. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि मला म्हणाला, "डावा डोळा अजून हातात आहे. उजव्यात फार उशीर झालाय. असेच थांबलात तर दोन्हींत दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही." तो हळू बोलत होता, पण बाईंचे कान शाबूत होते. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झालं तुमचं? चला मंग." 

आणि हीच बाई माशांचे डोळे बरे करायची!

वाशीममध्ये माशांची टाकी ठेवणारी घरं कितीशी असणार? पण जी होती ती सगळी आमच्या दारात यायची. कोणी दवाखान्याच्या वेटिंगमधली टाकी सांभाळणारा, कोणी सलूनवाला, कोणाच्या घरी पोरांच्या हट्टापायी आणलेली जोडी. दुधाच्या किटलीत, पाणी भरलेल्या पिशवीत मासा घेऊन लोक पायरीवर उभे राहत. मासा बिचारा राहायचा बाजूला, बाई आधी माणसाला धारेवर धरायच्या.

"एक डोया सुजला का दोन्ही?"

"एकच, बाई."

"मंग कुठंतरी घासला असन. टाकीत काय टोकदार ठेवलं?"

"शोसाठी किल्ला हाय, प्लास्टिकचा."

"किल्ला! कोणाशी लढाई हाय त्याची? काढून टाक तो. अन् पानी कवा बदललं?"

इथे माणूस हटकून किटलीत पाहायला लागायचा. मग बाई त्याला परत पाठवायच्या. आठवडाभर रोज थोडं थोडं पाणी बदल, बदलायचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेव, नळाचं एकदम ओतू नको, खाऊ कमी कर, टाकीवरचा दिवा बंद ठेव. डोळ्यावर पांढरी साय आली असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच उतरायची. दोन्ही डोळे बाहेर आले असतील तर मामला आतला, मग त्या मासा ठेवून घ्यायच्या. मागच्या पडवीत त्यांचे तीन प्लास्टिकचे टब होते, तो त्यांचा दवाखाना.

सुजेवरचं औषध त्या शेलूबाजारच्या कृषी केंद्रातून आणत. आपल्याकडे कपाशीचं पान लाल पडलं की शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट फवारतात, तेच. पांढरी साखरेसारखी पूड. ती पाण्यात मोजून टाकली की डोळ्यामागे साठलेलं पाणी ओढलं जाऊन सूज उतरते, असं बाई सांगत. दुकानदार त्यांचा जुना विद्यार्थी. तो दरवेळी विचारायचा, "बाई, कपाशी किती एकर हाय औंदा?" आणि बाई दरवेळी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या, "तीन टब."

सगळे मासे वाचत नसत. एखादा सकाळी उलटा तरंगताना सापडला तरी बाई 'मेला' म्हणत नसत. "शाळा सुटली त्याची," म्हणायच्या, आणि लिंबाच्या झाडाखाली खड्डा करायच्या. आता बाईही नाहीत. दोन वर्षं झाली त्यांचीही शाळा सुटून. मी बदलीवर दुसऱ्या गावी होते, मला फोनवर कळलं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्याच घरातली वाकडी झालेली खुर्ची भिंतीशी सरळ लावली. मग रडले.

पण मला सांगायचं आहे ते ठाणेदाराचं.

ठाणेदार हा मूठभर आकाराचा नारिंगी सोनमासा. एका हॉटेलवाल्याने तो बाईंच्या पायरीवर आणून ठेवला आणि परत न्यायला आलाच नाही. आला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे असे वटारलेले होते की बाईंनी तिथेच त्याचं नाव ठेवलं. ही माझ्या आधीची गोष्ट, तेव्हा बाईंना चांगलं दिसत होतं. त्यांनी औषधाने सूज उतरवली, पण नजर काही वाचली नाही. डोळे आत बसले आणि पांढरे पडले.

आंधळ्या माशाला कोण ठेवतं? त्याला खाऊ सापडत नाही, दुसरे मासे त्याच्या तोंडचा घास पळवतात, तो उपासाने जातो. बाईंनी त्याला एकट्याला बैठकीतली मोठी टाकी दिली. टाकीत मधोमध एक काळा दगड होता, त्यांच्या जुन्या शाळेच्या आवारातला. बाकी काही ठेवलं नाही, आणि तो दगड कधी तसूभरही हलवायचा नाही, म्हणजे ठाणेदाराला आपलं घर पाठ होईल. रोज एकाच वेळी, डाव्या कोपऱ्यात, काचेवर चमचा वाजवायचा आणि तिथेच दाणे सोडायचे. काही दिवसांत ठाणेदार शिकला. चमचा वाजला की जिथे असेल तिथून तो डाव्या कोपऱ्यात हजर व्हायचा आणि तोंड वर करून पाण्यावर चप् चप् आवाज करायचा. लाइट गेली की हवेचा पंप बंद पडायचा. मग बाई स्टुलावर उभ्या राहून मगाने पाणी उंचावरून टाकीत सोडत, हवा मिसळावी म्हणून, लाइट येईपर्यंत. मी म्हणायचे, "बाई, मी करतो, तुमी बसा." त्या म्हणायच्या, "तू घाई करतं. त्याले धार कुठून येते ते समजलं पाह्यजे."

पुढे त्यांची स्वतःची नजर जायला लागली, तेव्हा त्यांनी हाच कायदा सगळ्या घराला लावला. फरशीवरच्या त्या चौकटी तेव्हाच्या. माणसासाठी माशाची शिस्त! मला हे कळलं तेव्हा माझा राग पार उतरला आणि त्या जागी भीती आली. कारण बाईंनी ठाणेदाराला आपला साक्षीदार केलं होतं. कोणीही ऑपरेशनचं नाव काढलं की बाई त्या माणसाला टाकीपुढे उभं करत.

"पाह्य त्याच्याकडे. दोन्ही डोये गेले. अडलं का त्याचं काही? खाते, पिते, फिरते. धडकते का कुठं? सांग, धडकते का?"

येणारा म्हणायचा, "नाही, बाई."

"मंग मले कायले सांगता?"

एकदा पेपर वाचून झाल्यावर मी टाकीजवळ वाकून पाहत होते. ठाणेदाराच्या तोंडाचा शेंडा मला जरा वेगळा दिसला.

"बाई, याच्या तोंडाले काई लागलं का? लाल लाल दिसून राह्यलं."

"सोनमासा हाय तो. लालच दिसन, का हिरवा दिसन?"

 मी पिशवी उचलली आणि कोर्टात गेले.

त्यानंतरची दिवाळी. बाईंनी स्वतः घर साफ करायला काढलं होतं. मला मदत करू देईनात, कारण मी वस्तू 'कुठंबी' ठेवते. जिन्याखाली त्यांचे दोन डबे असायचे, तुपाचे जुने पत्र्याचे. एकात माशांचं मॅग्नेशियम, दुसऱ्यात झिंक सल्फेट. झिंक हे लिंबाच्या झाडासाठी, पानं पिवळी पडली की द्यायचं. दोन्ही पांढरंच, हाताला दोन्ही खडबडीत. डब्यांवर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात नावं लिहिलेली होती, पण ती लिहिली तेव्हा त्यांना दिसत होतं. आता त्या जागेवरून ओळखत. उजवीकडचा माशाचा, डावीकडचा झाडाचा. सफाईत त्यांनी दोन्ही डबे अंगणात उन्हात काढले, जिन्याखालची जागा पुसली आणि डबे परत ठेवले. ठेवताना ते बदलले.

भाऊबीजेला गावी गेलेली मी परत आले ती संध्याकाळी. दारातून चमच्याचा आवाज येत होता. बाई टाकीसमोर स्टुलावर बसून काच वाजवत होत्या.

"रुसला आज," मला म्हणाल्या. "दुपारपासून हाका मारून राह्यली, येतच नाई. डोया जरासा फुगल्यासारखा वाटला हाताले, म्हणून सकाळी औषध टाकलं. तवापासून फुगून बसला."

मी दिवा लावला. ठाणेदार दगडामागे आडवा पडला होता. कल्ले भात्यासारखे चालत होते आणि अंगावरून साईसारखं काहीतरी सुटून पाण्यात लोंबत होतं.

"बाई, तो आडवा पडला!"

"काय?"

"आडवा हाय. अंग सोलल्यावानी झालं त्याचं. काय टाकलं तुमी?"

"उजवीकडचं," बाई म्हणाल्या. मग त्यांचा हात चमच्यासकट तसाच हवेत राहिला. "डबा आण."

मी डबा आणला आणि उंबऱ्यातच थांबले. मला ते वाचावंसं वाटेना. बाईंनी रोजच्या आवाजात सांगितलं, "मोठ्यानं वाच."

"झिंक," मी म्हटलं.

बाईंनी चमचा खाली ठेवला. त्या उठल्या, पडवीत गेल्या. तिथे उद्यासाठी भरून ठेवलेल्या पाण्याचा ड्रम कायम असायचा. मी टबात पाणी ओतलं, ठाणेदाराला जाळीने उचलून त्यात सोडलं. तो बुडाशी गेला आणि तिथेच राहिला. बाई खाली फरशीवर बसल्या, बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि त्याला तळव्यावर उभं धरलं. दुसऱ्या हाताने मगाने वरून बारीक धार सोडायला लागल्या. मी म्हटलं मी धरते, तर नको म्हणाल्या. 

मग बाई बोलल्या. माझ्याशी की माशाशी, ठाऊक नाही.

"माह्या मायले मी नेली होती. डोयाच्या शिबिरात. ते जाईना. म्हणे, मले दिसते तेवढं पुरे. मी नवी नवी मास्तरीण, चार बुकं शिकलेली. म्हणलं, माय, असं कसं, चाल. हात धरून नेली तिले. चौथ्या रोजी डोयात पू झाला. डोया काढा लागला. मंग दुसराबी गेला." धार थांबली होती, ती त्यांनी पुन्हा सुरू केली. "माय मले कवाच बोलली नाई. पन घरात फिरताना तिचा हात असा पुढं राहे, अन् मी समोर आली का चाचपून म्हने, तूच का गं? माहा तोच हात धरे, ज्यानं धरून मी तिले नेली होती."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. जरा वेळाने म्हणाल्या, "याले डोये नव्हते तं माहे होते. म्हणून जगला तो. त्याचं अडलं नाई, कारण पाहणारं कोणीतरी होतं. हे मी लोकायले कवा सांगतलंच नाई. मले बी नाई सांगतलं."

ठाणेदार त्या रात्रीत गेला नाही. सकाळी मी खाली आले तेव्हा तो टबात सरळ उभा होता, शेपूट अगदी हळू हलत होतं. बाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पेपर उघडला, तर म्हणाल्या, "आज राहू दे. त्या डॉक्टरले फोन लाव. म्हण, डाव्या डोयाले येतो."

मला काय आनंद झाला! मी म्हटलं, "बाई, मी रजा टाकतो. मी घेऊन जाईन तुमाले."

"सोबत ये," बाई म्हणाल्या. "पन हात धरू नको."

आणि खरंच धरू दिला नाही. ऑटोतून उतरताना नाही, दवाखान्याच्या पायऱ्यांवर नाही. एका पायरीला अडखळल्या, मी धावले, तर कोपर झटकून म्हणाल्या, "सांगतलं न तुले!" लोक माझ्याकडे असे पाहायला लागले की काय ही पोरगी, म्हातारीला धरत नाही. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात नर्स त्यांचा हात धरायला आली, तो त्यांनी धरू दिला. आत जाताना मागे वळल्या आणि मी जिथे उभी होते त्याच्या जरा बाजूला पाहत म्हणाल्या, "काई झालं तं माह्या पायानं गेली होती मी. ध्यानात ठेवजो. तू नाई नेली."

मी दारातल्या बाकावर बसले आणि त्या वेळात जितके देव मला माहीत होते तितक्यांना हात जोडले.

डोळा वाचला. पट्टी निघाली, काळा चष्मा मिळाला, थेंब सुरू झाले. घरी आल्यावर आठवडाभर त्या टाकीकडे फिरकल्याच नाहीत. ठाणेदाराला मी परत मोठ्या टाकीत सोडलं होतं, पाणी सगळं नवं, दगड जुन्या जागेवर मोजूनमापून. बाई अंगणात बसून लिंबाची पानं पाहायच्या, पेपरची मोठी अक्षरं लावायच्या, माझ्या चेहऱ्याकडे पाहून एकदा म्हणाल्या, "अवो माय, तू तं अगदीच लहान हायस गं." टाकीपुढून जाताना मात्र मान फिरवायच्या. मी समजले.

मग एका रविवारी, ऊन बैठकीत आलं होतं तेव्हा, त्या स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या. चष्मा काढला. चमचा वाजवला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. ठाणेदार आपला फिरत होता. फिरत फिरत दगडापाशी आला आणि त्याचं तोंड दगडाला लागलं. तो मागे सरला, जरा बाजूने पुढे आला, पुन्हा लागलं. तिसऱ्यांदा तो बाजूने निघून गेला. काचेच्या टोकाला पुन्हा तेच.

बाई काचेला नाक लावून त्याच्या तोंडाकडे पाहत होत्या. शेंड्यावरचे खवले पार गेले होते. कातडीचा घट्टा झाला होता, मध्ये लाल, कडेला पांढरा. एका दिवसाचा नव्हे, वर्षांचा.

"हे तू सांगतलं होतं मले," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"धडकते गं तो."

मी स्टुलाशेजारी खाली बसले.

"रोज धडकते. सारा दिवस. अन् मी साऱ्या वाशीमले उभं करून करून सांगे, धडकते का, सांगा, धडकते का." त्यांचा आवाज फुटला. त्या घरात मी तो एकदाच फुटलेला ऐकला. "माह्याच दगडाले धडकत होता माय, माह्याच दगडाले."

त्यांनी बाही वर सारली, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि तो दगड बाहेर काढला. पाणी फरशीवरच्या पांढऱ्या चौकटींवर सांडत गेलं. दगड त्यांनी लिंबाखाली नेऊन ठेवला, परत आल्या, पदराला हात पुसले. ठाणेदार टाकीच्या मधोमध आला होता, जिथे दगड होता तिथे थबकला होता, तोंड जरा पुढे करून थांबला होता. मग तो पुढे सरकला, आणि सरकतच गेला.

बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"उजव्या डोयाचं काय म्हणे डॉक्टर? थोडंफार दिसन?"

"उजेड-अंधार कळन म्हणे, बाई. जास्त आशा नाई. भरोसा देत नाई तो."

"असू दे. उद्याच जाऊ." आणि त्यांनी आपला ओला, गार हात माझ्यापुढे केला. "पन या वेळी हात धरून ने मले."